मे महिन्यातील स्लॅब: पंप अडला तर गाडीत पाणी घालू द्यावे का, आणि सेंट्रिंग किती दिवसांनी खोलावे?

प्रश्न
विचारणारे: धायरीचा ठेकेदार

नमस्कार. स्थापत्य पदविकेनंतर मी काही वर्षे एका मोठ्या गृहप्रकल्पावर पर्यवेक्षक होतो आणि आता स्वतंत्रपणे बंगल्यांची कामे घेऊ लागलो आहे. पुण्यातील धायरीत चालू असलेल्या कामाचा पहिला स्लॅब मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरायचा आहे. क्षेत्रफळ साधारण अकराशे चौरस फूट, जाडी पाच इंच म्हणजे १२५ मिलिमीटर, आणि बीम धरून सुमारे १८ घनमीटर काँक्रीट लागेल. डिझायनरांनी एम २५ दर्जा दिला आहे. कॉलम आम्ही जागेवरच मिक्सर लावून भरले, परंतु स्लॅबसाठी आरएमसी (प्लँटवरून गाडीने येणारे तयार काँक्रीट) मागवणार आहोत. गल्ली अरुंद असल्यामुळे गाडी आत येणार नाही. पंप बाहेरच्या रस्त्यालगत उभा करून पाइपलाइन बरीच लांब ओढावी लागेल.

माझ्यासमोर दोन अडचणी आहेत आणि दोन्हींत माझ्यापेक्षा वयाने व अनुभवाने मोठी माणसे ठामपणे बोलत असल्यामुळे मला लेखी, कारणांसह मार्गदर्शन हवे आहे. पहिली अडचण पाण्याची. स्लॅब भरणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणतात की उन्हाळ्यात माल पाइपातच बसतो, त्यामुळे प्रत्येक गाडीत शंभरेक लिटर पाणी सोडावेच लागते आणि एवढ्या पाण्याने काहीही बिघडत नाही. दुसरी अडचण सेंट्रिंगची, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून धरणाऱ्या तात्पुरत्या साच्याची. प्लेटा आणि जॅक (उंची बदलता येणारे लोखंडी टेकू) ज्यांच्याकडून घेतले आहेत, त्यांना सातव्या दिवशी सगळे सामान परत हवे आहे, कारण त्यांचे पुढचे काम ठरलेले आहे. माझ्या आराखड्यात बेडरूम साधारण ३.६ मीटरच्या आहेत, परंतु हॉलचा गाळा (दोन आधारांमधील अंतर) ५.२ मीटरचा आहे आणि समोर १.२ मीटर बाहेर आलेली गॅलरी आहे. शिवाय प्लिंथमधील मुरमाची भर नुकतीच केलेली असून जॅक त्याच भरीवर उभे राहणार आहेत.

स्लॅबच्या दिवशी जागेवर पंचवीसएक माणसे असतील. त्यांच्या सुरक्षिततेसाठी माझ्या आवाक्यातील कोणत्या गोष्टी आधी कराव्यात, हेही कृपया सांगावे.

उत्तर
लिहिणारे: कोथरूडचे साइट इंजिनिअर

आपण हा प्रश्न स्लॅबच्या आधी विचारला हे फार चांगले केले, कारण पंप अडलेला, गाडी रस्त्यात उभी आणि मागून हॉर्न वाजत असताना पाण्याचा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

शंभर लिटरने काही बिघडत नाही, हे म्हणणे आकड्यांवर तपासून पाहू. समजा आपल्या एम २५ च्या मिक्समध्ये एका घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी आहे. म्हणजे पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर साधारण ०.४७ झाले. सहा घनमीटरच्या गाडीत शंभर लिटर पाणी सोडले की प्रत्येक घनमीटरला जवळजवळ १७ लिटर वाढतात आणि गुणोत्तर ०.५२ वर जाते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय संहितेने मध्यम उघडिपीच्या (हवामानाच्या मध्यम माऱ्यातील) आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, हे गुणोत्तर जास्तीत जास्त ०.५० ठेवले आहे. म्हणजे एका नळीने, दोन-तीन मिनिटांत, आपण पैसे मोजून घेतलेला माल संहितेच्या मर्यादेबाहेर जातो. जास्तीचे पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही; ते हळूहळू उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. ताकद तर घटतेच, पण पुढे याच छिद्रांतून ओल आणि हवा सळईपर्यंत पोहोचते. पुण्यातील जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या दिसतात, त्यांतील बऱ्याच ठिकाणी कमी कव्हर (सळईवरील काँक्रीटचे आवरण) आणि सच्छिद्र काँक्रीट हीच जोडी आढळते.

मुकादमांची अडचण मात्र खरी आहे. लांब पाइपलाइनमधून घट्ट माल जात नाही, आणि त्यांना दोष देऊन पंप चालणार नाही. उपाय असा की सैलपणा पाण्याने न आणता प्लँटवरच मिक्समध्ये आणावा. ऑर्डर देताना केवळ "एम २५ पंपाचा माल" असे सांगू नका. पाइपलाइनची लांबी, किती वळणे आहेत, गाडी पोहोचायला किती वेळ लागेल आणि जागेवर किती स्लंप (ओल्या मालाच्या सैलपणाचे माप) हवा, हे लेखी कळवा. एवढ्या लांबीसाठी जागेवर १२० ते १५० मिलिमीटर स्लंप मागितला जातो आणि तो सुपरप्लास्टिसायझर या, पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या, रसायनाने मिळतो. उन्हाळ्यात वाटेत स्लंप उतरतो, म्हणून प्लँटवरून निघताना तो त्याहून जास्त ठेवावा लागतो. ते गणित प्लँटच्या गुणवत्ता विभागाचे आहे, आपण जागेवरील आकडा पक्का करावा. एवढे करूनही गाडी घट्ट आली, तर प्लँटच्या तंत्रज्ञाने मिक्स डिझाइनच्या मर्यादेत अ‍ॅडमिक्श्चरचा (म्हणजे अशाच रसायनाचा) ठरलेला डोस जागेवर द्यावा, ड्रम पूर्ण वेगाने काही मिनिटे फिरवावा, स्लंप पुन्हा मोजावा आणि ही नोंद चलानवर करावी. पाण्याची नळी गाडीपाशी ठेवूच नये, असे मी सुचवेन.

चलान वाचायची सवय लावा. त्यावर माल भरल्याची वेळ असते. आरएमसीच्या आयएस ४९२६ या मानकानुसार भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हावी अशी अपेक्षा आहे. रिटार्डर (माल घट्ट होणे लांबवणारे रसायन) घातलेला असेल तर ही मुदत वाढवता येते, पण तसे आधी ठरलेले आणि चलानवर लिहिलेले हवे. म्हणूनच तीनही गाड्या एकदम मागवू नयेत. पहिली गाडी अर्धी रिकामी झाली की दुसरी निघावी, असा क्रम प्लँटच्या डिस्पॅचरशी बोलून ठेवा. शहरातील अनेक रस्त्यांवर गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, आणि सिंहगड रस्त्यावरची सकाळ आपण रोज पाहताच. तेव्हा पहिली गाडी पहाटे सहाच्या सुमारास जागेवर लागेल असेच नियोजन करावे.

पहाटे सुरू करण्याचे आणखी एक कारण आहे. मे महिन्यात दुपारी ऊन आणि कोरडा वारा स्लॅबच्या पृष्ठभागावरील पाणी इतक्या वेगाने ओढून घेतात की माल घट्ट होण्यापूर्वीच वेड्यावाकड्या बारीक भेगा पडतात. त्यांना नंतर सिमेंटची स्लरी ओतून झाकण्यापेक्षा त्या पडूच न देणे सोपे आहे: भरण्याआधी प्लेटा आणि सळई पाणी मारून थंड कराव्यात पण पाणी साचू देऊ नये, रंधा मारून झाला तेवढा भाग लगेच प्लास्टिकने किंवा ओल्या गोणपाटाने झाकावा, आणि माल ओला असतानाच भेग दिसली तर तेथे पुन्हा रंधा मारून ती बंद करावी. संध्याकाळी वळवाचा पाऊस येण्याची शक्यताही याच दिवसांत असते, त्यामुळे संपूर्ण स्लॅब झाकेल एवढी ताडपत्री जागेवर हवीच.

पंप मध्येच बंद पडला तर काय करायचे, हे सुद्धा आदल्या दिवशी ठरवावे. जोड (आधी भरलेला आणि नंतरचा माल जेथे मिळतो ती जागा) कोठे घ्यायचा ते डिझायनरांकडून नकाशावर खूण करून घ्या. सर्वसाधारणपणे तो गाळ्याच्या मधल्या भागात, जेथे कातर बल कमी असते तेथे, उभी फळी लावून सरळ घेतात. उतरता, पसरलेला जोड मागे ठेवून जाऊ नये. व्हायब्रेटर (कंपनाने माल घट्ट बसवणारे यंत्र) एक चालू आणि एक राखीव असे दोन हवेत. त्याची निडल उभी घालावी, साधारण दीड फुटाच्या अंतराने, बुडबुडे येणे थांबले की सावकाश वर घ्यावी. निडलने माल एका जागेहून दुसरीकडे ढकलत नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्याने खडी मागे राहते, गाळ पुढे जातो आणि बीमच्या तळाशी पोकळ्या राहतात.

उत्तर
लिहिणारे: हडपसरचे सेंट्रिंगवाले

आमचे कुटुंब दोन पिढ्यांपासून सेंट्रिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे ज्यांना सामान परत हवे आहे त्यांची बाजू मला समजते. एक प्लेट जितक्या वेळा फिरते तितका धंदा होतो. तरीही सातव्या दिवशी सगळे सामान काढू देऊ नका, असेच मी सांगेन.

आयएस ४५६ मध्ये साधे पोर्टलँड सिमेंट आणि १५ अंशांपेक्षा कमी नसलेले तापमान धरून किमान मुदती दिल्या आहेत. कॉलमच्या बाजूंसारख्या उभ्या साच्यांना १६ ते २४ तास. स्लॅबच्या खालील प्लेटा, टेकू लगेच पुन्हा लावायचे या अटीवर, ३ दिवस; बीमच्या तळाच्या फळ्या त्याच अटीवर ७ दिवस. टेकू मात्र वेगळे मोजतात: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. आपल्या बेडरूमचे टेकू या हिशेबाने सात दिवसांनी निघू शकतात, पण हॉलचे आणि बीमचे निघू शकत नाहीत. त्यातही आरएमसीच्या मिक्समध्ये बहुतेक वेळा कोळशाची बारीक राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते आणि असा माल सुरुवातीला सावकाश ताकद घेतो, म्हणून या मुदती किमान समजाव्यात आणि डिझायनरांच्या लेखी होकाराशिवाय एकही जॅक सैल करू नये.

"टेकू लगेच पुन्हा लावायचे" ही अट वाचायला सोपी आहे, पण प्रत्यक्षात हीच जागा सर्वांत धोक्याची असते. माणसे आधी संपूर्ण खोलीचे जॅक काढतात, प्लेटा पाडतात आणि मग दोन-चार जॅक परत उभे करतात. मधल्या वेळात स्लॅबने आपले वजन स्वतः पेललेले असते. नंतर जॅक कितीही घट्ट आवळला तरी खाली वाकलेला स्लॅब वर येत नाही, उलट चुकीच्या जागी वर ढकलला तर तेथे वरून भेग पडते. याला उत्तर म्हणून आम्ही सेंट्रिंग लावतानाच गाळ्याच्या मध्यावर एक पट्टा वेगळा लावतो. त्या पट्ट्यातील प्लेटा आणि त्याखालचे जॅक दोन्ही बाजूंच्या प्लेटा निघाल्या तरी जागचे हलत नाहीत. त्यामुळे मालकाला बऱ्याचशा प्लेटा लवकर मिळतात आणि स्लॅबचा आधार एक क्षणही सुटत नाही. आपल्या सेंट्रिंगवाल्यांशी याच मुद्द्यावर बोला. बहुधा ते तयार होतील, कारण त्यांना मुख्यतः प्लेटा हव्या असतात. राहिलेल्या जॅकचे जादा दिवसांचे भाडे द्यावे लागले तर ते द्या.

आता मुरमाच्या भरीबद्दल. आपल्या संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. १८ घनमीटर ओले काँक्रीट म्हणजे जवळजवळ ४५ टन वजन, आणि हे सर्व वजन जॅकच्या तळपट्ट्यांमधून त्या भरीवर येणार आहे. भर थराथराने पाणी मारून धुम्मसाने किंवा कॉम्पॅक्टरने दाबलेली नसेल, तर स्लॅब भरत असतानाच एखादा जॅक खचतो आणि त्याचा भार शेजारच्या जॅकवर जातो. शक्य असेल तर आधी पीसीसी (सळईविना काँक्रीटचा थर) करून घ्या. ते शक्य नसेल तर भर नीट दाबून जॅकच्या रांगेखाली जाड, रुंद, सलग फळ्या अंथरा. विटांचे तुकडे किंवा दगड जॅकखाली कधीही ठेवू देऊ नका. क्युरिंगचे (काँक्रीट ओले ठेवण्याचे) पाणी गळून भरीत मुरते आणि भर नंतरही बसते, म्हणून स्लॅब भरल्यावरही रोज खाली फेरी मारून प्रत्येक जॅक हाताने हलवून पाहावा.

जॅक ओळंब्यात उभे हवेत, दोन्ही दिशांना आडव्या पाइपांनी आणि तिरक्या बांधणीने जखडलेले हवेत, आणि पिनेच्या जागी सळईचा तुकडा चालत नाही. जॅक जितका उंच उघडावा तितकी त्याची भार पेलण्याची क्षमता कमी होते, हे लक्षात ठेवून उंचीप्रमाणे अंतर ठरवावे. पाइपलाइन सेंट्रिंगवर टेकवू नये. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला पाइप मागे-पुढे होतो आणि तो धक्का थेट जॅकना बसतो. पाइपखाली वेगळे घोडे लावावेत. आणि माल एकाच जागी ढिगाने ओतू देऊ नये, कारण एक मीटर उंचीचा ढीग म्हणजे एका चौरस मीटरवर अडीच टन, आणि सेंट्रिंग त्यासाठी बांधलेले नसते.

जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत स्लॅब भरत असताना तो कोसळून नऊ मजूर मृत्युमुखी पडले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यातील शास्त्रीनगरमध्ये बांधलेली लोखंडी जाळी कोसळून पाच मजुरांचा जीव गेला. या दोन्ही घटना आपल्याच शहरातील आहेत, आणि दोन्ही वेळा माणसे काम चालू असताना, म्हणजे इमारत स्वतःच्या बळावर उभी राहण्याआधी, गेली. आधाराचे सामान तात्पुरते असते म्हणून त्याचा हिशेब कमी काळजीने करावा, असे कोणी म्हणत असेल तर त्याचे ऐकू नका.

पुन्हा प्रश्न
विचारणारे: धायरीचा ठेकेदार

आपल्या दोघांचे मनापासून आभार. मध्यावर पट्टा ठेवण्याची पद्धत मी पूर्वीच्या प्रकल्पावर पाहिली होती, परंतु तिचे कारण आज नीट समजले. भरीवर पीसीसी करण्याबाबत मालकांशी बोललो आणि त्यांनी मान्यता दिली आहे. आता गॅलरीबद्दल विचारतो. तेथील टेकू किती दिवस ठेवावेत आणि काढताना काही क्रम पाळावा लागतो का? आणि सुरक्षिततेबद्दल कोणी सविस्तर लिहिले तर बरे होईल.

उत्तर
लिहिणारे: स्ट्रक्चरल डिझायनर, सदाशिव पेठ

गॅलरीच्या टेकूंचा क्रम महत्त्वाचा आहे. दोन्हीकडे आधार असलेल्या स्लॅबचे टेकू मध्यापासून आधाराकडे काढत जातात. बाहेर झुकलेल्या गॅलरीचे मात्र बाहेरच्या मोकळ्या टोकापासून भिंतीकडे काढतात. आधी आतले टेकू काढले तर गॅलरी बाहेरच्या टोकावर टेकून राहते आणि तिच्यात असा ताण येतो ज्यासाठी सळईच घातलेली नसते. गॅलरीच्या मागच्या गाळ्यातील स्लॅब मोकळा होऊन पूर्ण ताकदीचा होईपर्यंत, आणि तिला मागे धरून ठेवणारे वजन आल्यावरच, टेकू काढावेत. आपल्या कामावरील डिझायनरांनी दिलेली मुदत यात अंतिम मानावी. मी स्वतः अशा ठिकाणी २८ दिवसांच्या क्यूबचा (चाचणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) निकाल येईपर्यंत थांबायला सांगतो.

गॅलरीत टेकूंइतकेच सळईच्या जागेकडे लक्ष द्यावे लागते. येथे मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि स्लॅब भरणाऱ्यांच्या पायांखाली तीच येते. १२५ मिलिमीटर जाडीत वरची सळई तळापासून साधारण १०० मिलिमीटरवर असेल आणि पायांखाली दबून ती ७५ वर गेली, तर गॅलरीची ताकद जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होते. वरून पाहिल्यास स्लॅब मात्र तितकाच जाड आणि गुळगुळीत दिसतो. म्हणून वरच्या जाळीखाली पुरेशा खुर्च्या (जाळी वर धरणारे सळईचे आधार) लावा, चालण्यासाठी सळईपासून उचललेल्या फळ्यांचा मार्ग करा, आणि भरत असताना केवळ सळई वर उचलून जागेवर ठेवण्यासाठी एक फिटर शेवटपर्यंत स्लॅबवर उभा ठेवा. तळाच्या सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत. खडीचे तुकडे सरकवून भागवू नये, ते निसटतात.

क्यूबबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. १६ ते ३० घनमीटरसाठी संहितेनुसार तीन नमुने घ्यावे लागतात, म्हणजे २८ दिवसांसाठी १५० मिलिमीटरचे नऊ क्यूब, आणि सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्यासाठी वेगळे. क्यूब प्लँटवर नव्हे, आपल्या जागेवर, आपल्यासमोर, गाडीच्या मधल्या मालातून भरून घ्या. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा. उन्हात पडलेला क्यूब स्लॅबबद्दल काहीच सांगू शकत नाही. फ्लाय अ‍ॅशचा माल असेल तर सात दिवसांचा आकडा थोडा कमी आला म्हणून घाबरू नये, परंतु त्या आकड्याच्या आधारे टेकूही लवकर काढू नयेत. २८ दिवसांचा निकाल अपुरा आला, तर लगेच तोडफोडीची भाषा न करता आधी कोअर (स्लॅबमधून कापून काढलेला गोल नमुना) काढून तपासतात. कोअरची सरासरी क्यूबच्या अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के आली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसेल, तर संहिता ते काँक्रीट स्वीकारते.

उत्तर
लिहिणाऱ्या: सुरक्षा अधिकारी, वाकड

मी मोठ्या प्रकल्पांवर काम करते, परंतु बंगल्याच्या कामावर धोका कमी असतो असे अजिबात नाही. तेथे फक्त धोका पाहायला नेमलेले माणूस नसते.

सर्वांत आधी काठ. स्लॅब भरताना माणसे मागे मागे सरकत काम करतात आणि त्यांची नजर मालावर असते. संपूर्ण काठाने, गॅलरीसह, साधारण कमरेच्या उंचीचा पक्का पाइपचा कठडा आणि खाली अडणी फळी हवी. दोरी किंवा रंगीत फीत म्हणजे कठडा नव्हे. काठावर साचे लावणाऱ्यांना फुल बॉडी हार्नेस द्या आणि तो अडकवायची जागा आधी दाखवा. कच्च्या सेंट्रिंगच्या पाइपाला अडकवलेला हार्नेस माणसाला वाचवू शकत नाही. जिन्याच्या आणि डक्टच्या मोकळ्या जागा फळ्यांनी बंद करून खिळे मारा.

स्लॅब भरत असताना खाली कोणीही थांबता कामा नये. जॅकवर लक्ष ठेवणारा एक अनुभवी सुतार बाहेरून, सुरक्षित अंतरावरून, पाहत राहील आणि त्याला काही हलताना दिसले तर त्याच्या एका शिट्टीवर काम थांबेल, असे सर्वांना सकाळीच सांगा. हा अधिकार मालकाच्या, ठेकेदाराच्या किंवा पंपवाल्याच्या परवानगीवर अवलंबून नसावा. कामगारांची मुले जागेवर असतील तर त्यांच्यासाठी कामापासून दूर सावलीची जागा आणि सांभाळणारी एक बाई ठेवा. मोठ्या प्रकल्पांवर पुण्यात तारा मोबाईल क्रेशेससारख्या संस्था पाळणाघरे चालवतात. लहान कामांवर ही सोय आपल्यालाच करावी लागते.

पंपाच्या पाइपात माल अडकला की घाईने क्लॅम्प उघडण्याचा मोह होतो. आत दाब असताना क्लॅम्प उघडला तर पाइप आणि खडी बंदुकीसारखी सुटते. पंपवाल्याने आधी पंप उलटा चालवून दाब उतरवावा आणि तोपर्यंत बाकीच्यांनी लांब राहावे. टोकाचा रबरी होज धरणाऱ्याच्या समोर कोणी उभे राहू नये. रस्त्यालगत पंप उभा करणार आहात, तर गाडी मागे घेताना इशारा देणारा माणूस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अडथळे हवेत. बूम पंप (लांब घडीच्या हाताचा पंप) आणायचे ठरले, तर बूम जेथपर्यंत पोहोचेल त्या घेऱ्यात महावितरणची तार येत नाही ना, हे आधी जागेवर उभे राहून पाहा. व्हायब्रेटरची वायर ओल्या सळईवरून जाते. ती ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून) घ्या, जोड उघडे ठेवू नका आणि वायर जमिनीवरून न नेता उंचावरून न्या.

शेवटची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. ओले काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ असतो. ते बुटात किंवा गुडघ्यापाशी कपड्यात शिरले की सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस तसाच काम करत राहतो, आणि काही तासांनी कातडी भाजल्यासारखी सोललेली दिसते. गमबूट, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, आणि स्वच्छ पाण्याचे पिंप स्लॅबवरच ठेवा. डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे सतत पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. चोळू देऊ नये. मे महिन्यात पिण्याचे पाणी आणि सावलीतील विश्रांती यांनाही याच यादीत धरा.

आपल्या टोळीतील माणसांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, तेही विचारा. वय १८ ते ६० असेल आणि मागील वर्षात बांधकामावर किमान ९० दिवस काम झाले असेल, तर नोंदणी होते. त्यासाठी ठेकेदाराचे प्रमाणपत्र उपयोगी पडते, आणि ते देणे आपल्या हातात आहे.

आभार आणि एक शंका
लिहिणारे: धायरीचा ठेकेदार

सर्व उत्तरे छापून मुकादमांसमोर ठेवली. पाण्याचा हिशेब त्यांनी स्वतः करून पाहिला आणि नळी गाडीपाशी न ठेवण्यास मान्यता दिली. प्लँटला पाइपलाइनचा आराखडाही पाठवला आहे. सेंट्रिंगवाले पट्टा ठेवण्यास तयार झाले आहेत. एकच शंका उरली आहे. धायरीत मे महिन्यात आम्हाला टँकरचे पाणी घ्यावे लागते. क्युरिंग दहा दिवस करायचे की चौदा, आणि पाणी कमी पडले तर काय करावे?

उत्तर
लिहिणारे: कोथरूडचे साइट इंजिनिअर

फ्लाय अ‍ॅश असलेल्या मालाला संहिता किमान १० दिवस सांगते आणि शक्यतो १४ दिवसांची शिफारस करते. हवा कोरडी आणि उष्ण आहे, तेव्हा १४ दिवसच धरा. दिवसातून दोन-तीन वेळा पाणी मारून मध्ये स्लॅब वाळू देण्यापेक्षा आळी (छोटे बांध) बांधून उथळ पाणी साठवणे टँकरच्या हिशेबानेही स्वस्त पडते, कारण मारलेले बहुतेक पाणी वाहून जाते. आळी साध्या मातीची किंवा कमी सिमेंटच्या मालाची करा, साधारण पाच फूट चौकोनांत, म्हणजे एक फुटली तर सगळे पाणी जाणार नाही. दुपारी आळ्यांवर प्लास्टिक अंथरले तर पाणी उडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. बीमच्या बाजूंना आणि कॉलमना पाणी थांबत नाही. तेथे गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा. टँकरचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या; पीएच ६ पेक्षा कमी नसावा, आणि क्लोराइड व सल्फेटचे आकडे डिझायनरांना दाखवा.